चोळलं की बाद

लग्न ठरलं तेव्हाच सासूबाईंनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, "सूनबाई, याला दुखलं-खुपलं तर हा सांगायचा नाही. विचारून उपयोग नाही. नजर ठेवावी लागते." तिने मान डोलावली आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. सगळ्याच आयांना आपला मुलगा जगावेगळा वाटतो. शिवाय ती मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेली. दोन माणसं मोकळेपणाने बोलली की सगळं कळतं, असं तिचं ठाम मत होतं.

नवरा एका बेटावरचा. बेट एवढंसं, की षटकार मारला तर चेंडू समुद्रात. मैदान एकच आणि त्याचे कायदेही त्याचेच. चेंडू अंगावर बसला आणि ती जागा चोळली, की फलंदाज बाद. पंचांकडे बघायचंसुद्धा नाही, मुकाट चालू पडायचं. तिचा नवरा डावऱ्या आणि त्याचा जिवलग मित्र लंबू याच कायद्यावर वाढले. लंबूने टाकायचा, डावऱ्याने अंगावर घ्यायचा आणि दोघांनी दात काढायचे. असं करत करत दोघे बोटीत बसून मोठ्या शहरातल्या क्लबात आले. डावऱ्या तिथून वर चढत गेला आणि आता थेट देशाच्या संघात त्याचं नाव लागलं होतं. बेटावरचा पहिलाच खेळाडू! दोन दिवसांनी दौऱ्यावर निघायचं होतं.

त्या दिवशी सरावाहून तो लंबूबरोबरच घरी आला. पायपुसण्यावर बूट झटकत लंबू म्हणाला, "वहिनी, तुमच्या साहेबांनी आज माझा चेंडू डोक्यानेच तटवला. हेल्मेट काढून ठेवलं होतं, म्हणे शेवटचा एक टाक."

"लागलं?" तिने विचारलं.

"छे!" डावऱ्या म्हणाला.

"चोळलं नाही पठ्ठ्याने," लंबू कौतुकाने म्हणाला आणि जिना उतरून गेला.

डोक्यावर टेंगूळसुद्धा नव्हतं. ती पानं वाढायला गेली.

जेवताना लेक उंच खुर्चीत बसली होती. तिचा एक लाडका उद्योग होता. चमचा खाली टाकायचा, बाबाने तो जमिनीला लागायच्या आत झेलायचा आणि मग खिदळायचं. स्लिपमध्ये उभा राहणारा माणूस तो, घरात त्याच्या हातून चमचा सुटल्याचं तिला आठवत नव्हतं. आज चमचा पडला आणि खण्णकन वाजला. लेकीने पुन्हा टाकला. डावऱ्याचा हात चमच्याच्या चांगला वीतभर बाजूला गेला.

"मुद्दाम सोडतोय मी. तिला मजा वाटते," तो हसत म्हणाला.

लेक हसत नव्हती. ती बाबाकडे टकामका बघत होती.

"डोकं दुखतंय का तुझं?"

"नाही गं बाई. किती वेळा विचारशील?"

ती पाण्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. संघाच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर तिच्याकडे होता. फोन केला तर दौरा बोंबलणार, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. आणि निघालंच नाही काही, तर जन्मभर ऐकावं लागेल, बायकोच्या भित्रेपणापायी संधी हुकली. बाहेर चमचा पुन्हा वाजला. तिने फोन लावला.

"आत्ताच्या आत्ता घेऊन या," बाई म्हणाल्या. "गाडी त्याला चालवू देऊ नका."

तो चिडला. असा चिडला, की टॅक्सीत तोंड फिरवून बसला. "तू मला बाद केलंस," एवढंच बोलला.

"केलं. या मैदानावर पंच मी आहे," ती म्हणाली.

तपासणीच्या खोलीबाहेर लेकीला खांद्यावर घेऊन ती येरझाऱ्या घालत राहिली. देवा, मी वेडी ठरू दे, असं तिच्या मनात चाललं होतं. बाई बाहेर आल्या आणि शेजारी बसल्या. कवटीच्या आत रक्ताचा पातळ थर साचला होता. बारीक होता, वेळेत सापडला होता, बहुधा कापाकापी लागणार नव्हती. "पण हा त्या दौऱ्यावर गेला असता आणि आणखी एक चेंडू बसला असता, तर आपण आत्ता इथे अशा निवांत बोलत नसतो."

निवांत! तिला रडू फुटलं आणि त्यातच हसूही आलं.

दौरा गेला. त्याच्या जागी दुसराच खेळाडू गेला. डावऱ्या कितीतरी दिवस पडदे ओढलेल्या खोलीत पडून छताशी भांडत होता आणि ती येता-जाता डोकावत होती. परवा पुन्हा तपासणी झाली. थर विरघळून गेला होता, नजरही जागेवर आली होती. "पुढच्या हंगामात बॅट धरायला हरकत नाही," बाई म्हणाल्या, तेव्हा तिच्या छातीवरचा धोंडा असा उतरला, की घरी येऊन ती भरदुपारी ढाराढूर झोपली. उठून बघते तर बापलेक जमिनीवर बसलेले, आणि तो कपाळ दाबत होता.

"दुखतंय थोडं," तो आपणहून म्हणाला.

एवढं एक वाक्य ऐकायला किती खटाटोप! तिने तरीही बाईंना फोन केलाच. थकव्याचं दुखणं होतं, काळजीचं काही नव्हतं.

आता जिवाला घोर आहे तो लंबूचा. कळल्यावर तो हॉस्पिटलात आला, पण जिन्यातच उभा राहिला, वर आला नाही. त्यानंतर सरावाला गेलेला नाही. फोन केला की "मी मजेत, वहिनी" म्हणतो आणि ठेवून देतो. सगळ्यांनी डावऱ्याची विचारपूस केली, पण ज्याच्या हातून चेंडू सुटला त्याला कुणी काही विचारलं नाही. ती उद्या लेकीला घेऊन त्याच्या खोलीवर जाणार आहे. तुमच्याही मैदानावर असा एखादा असेल, त्या दिवसापासून न दिसलेला. फोनवर विचारू नका. त्याच्या घरी जा, समोर बसा आणि तो नीट जेवतो का ते बघून या.