अठ्ठ्याहत्तरावा दिवस

कोल्लमजवळच्या कुंडऱ्यात तंकमणीने एकतीस वर्षं काजूबिया फोडल्या. टरफलाच्या चिकाने तिचे तळवे कायमचे काळे पडले होते. मालाची टंचाई आहे असं सांगून कारखाना ओणमच्या आधी बंद झाला, तेव्हा तिचे सत्त्याहत्तर दिवस भरले होते. सप्टेंबरअखेर संपणाऱ्या सहामाहीत अठ्ठ्याहत्तर भरले तरच नव्या वर्षात आजारपणाच्या रजेत विम्याचा पगार मिळतो, आणि तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं होतं. मालाची टंचाई नेमकी सत्त्याहत्तराव्या दिवशी कशी येते, हे तिला पुरतं कळत होतं.

मालक म्हातारा झाल्यापासून कारभार त्याचा मुलगा प्रजीत बघत होता. "व्हिएतनाममध्ये यंत्रं बिया फोडतात, चेची. जगाशी टक्कर आहे," असं तो नव्या गाडीला टेकून, बायकांना चेची म्हणजे ताई म्हणत, सांगायचा. जगाशी टक्कर द्यायला निघालेल्या या वीराला साधं टरफल सोलता येत नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुकादमीण अंबिका दारात आली. "उद्या या. आपला माल घेणारा परदेशी साहेब येणार आहे. केस नीट बांधून या."

"हजेरी लागेल?"

"कारखान्यात आल्यावर लागणारच की!"

तंकमणी गेली. आत शिरताच प्रत्येकीला पांढरा अंगरखा, टोपी आणि हातमोजे मिळाले. एकतीस वर्षांत हातमोजे तिने पहिल्यांदाच बघितले.

"हे घालून बी धरायची कशी गं?" शेजारची रमणी हसली.

"धरायची कुठेय? दाखवायचीय," तंकमणी म्हणाली.

साहेब उंच, गोरापान, घामाने चिंब झालेला होता. रांगेतून फिरत तो तंकमणीपाशी थांबला आणि काहीतरी बोलला.

"इथे काम करायला आवडतं का, विचारतायत," प्रजीत म्हणाला.

"सांग त्याला, कारखाना महिनाभर बंद आहे. आणि हे मोजे आज सकाळी दिलेत."

प्रजीत दोन मिनिटं इंग्रजीत बोलला. साहेबाने छातीवर हात ठेवून मान तुकवली. एवढ्याशा वाक्याचं दोन मिनिटं काय सांगितलं असेल, ते तिला इंग्रजी न येताही समजलं. खोटं बोलणाऱ्यापेक्षा ते इतक्या आवडीने गिळणाऱ्याचीच तिला जास्त किळस आली.

दुपारी साहेब अंगणात शहाळं पीत बसला. आत अंबिकाने हातमोजे गोळा करायला घेतले. तंकमणीने हजेरीपट मागितला, तेव्हा कारकून खाली मान घालून म्हणाला, "आजची हजेरी नाही, चेची. बिया फोडल्या कुठे तुम्ही? ही नुसती भेट होती."

बायका कुजबुजल्या आणि चपला शोधू लागल्या. तंकमणीने कारकुनाच्या टेबलावरचा हजेरीपट उचलला आणि सरळ अंगणात गेली. साहेबाच्या समोर तिने तो उघडून धरला आणि स्वतःच्या नावापुढच्या रिकाम्या घरावर काळं बोट ठेवलं.

"काय म्हणतेय ती?" अशा चेहऱ्याने साहेबाने प्रजीतकडे बघितलं.

"चेची, नंतर बोलू ना," प्रजीत दात दाखवत पुटपुटला.

"आत्ता. सगळ्या बायकांची हजेरी लाव. नाहीतर या माणसाला कळेपर्यंत इथेच उभी राहते. ओरडायला इंग्रजी लागत नाही."

बायका एकेक करून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. प्रजीतने खिशातून पेन काढलं. हसत हसत, कपाळावरचा घाम पुसत, त्याने चाळीस बायकांची हजेरी लावून सही केली. साहेबाला हा काहीतरी कौतुकाचा सोहळा वाटला असावा. त्याने टाळ्या वाजवल्या.

"अकलेचा कांदा," तंकमणी मोठ्याने म्हणाली. साहेब तिच्याकडे बघून आणखी गोड हसला.

ऑपरेशन फेब्रुवारीत झालं आणि रजेचे पैसेही मिळाले. कारखाना मात्र पुन्हा उघडलाच नाही. प्रजीतने जागा विकली आणि बिया गावोगावच्या घरांमागच्या पत्र्याच्या शेडांत फोडायला दिल्या. तिथे विमा नाही, सुट्टी नाही, हजेरीपटही नाही. रमणी तिथे जाऊ लागली.

तंकमणीलाही बोलावणं आलं. अंबिकाच आली होती, तोंड पाडून.

"प्रजीतने तुमचं नाव घेऊन सांगितलंय. तुमच्यासारखा अख्खा गर कुणी काढत नाही म्हणे."

"यंत्राला सांग म्हणावं," तंकमणी म्हणाली आणि चुलीवरची मासळी हलवायला आत गेली.

तिने देवळाबाहेर केळ्याची भजी विकायला सुरुवात केली. कमाई अर्ध्यावर आली. एकदा प्रजीतची गाडी तिथे थांबली. काच खाली करून त्याने चार भजी मागितली. तिने त्याला रांगेत उभं राहायला सांगितलं.