समस्त गावकऱ्यांची डेग

वाका जरा. मेंढरांच्या वाड्यात पाण्याचं हे थोराड तांब्याचं भांडं दिसतंय ना, ती मी. डेग. हात-तोंड धुवायचं तर खुशाल धुवा, इथं कुणी अडवत नाही. पण आधी माझा काठ बघा. एका जागी घासलाय. तिथं अक्षरं होती, 'समस्त गावकरी मंडळी'.

ताडकळसजवळच्या या गावानं मला सेलूच्या बाजारातून आणलं, त्याला साठ-पासष्ट वर्षं झाली. मारुतीच्या सप्ताहाला माझ्यात भात शिजायचा आणि पिराच्या कंदुरीला बोकड. दचकू नका. पिराला बोललेला नवस फेडायचा तर दर्ग्यापुढं बोकड कापून गावाला जेवू घालायचं, ती कंदुरी. करणारे बहुतेक हिंदूच. माळकरी मटणाला शिवत नसत, त्यांच्यासाठी गोड मलिदा वेगळा व्हायचा. पण पंगतीला येऊन बसायचे. कंदुरीनंतर मला राखेनं घासायचे, सप्ताहाआधी कल्हई करायचे, की झालं! मी सगळ्यांचं पोटात घातलं. पोटही तेवढं होतंच म्हणा.

आता उमाजीचं ऐका. मेंढरं राखणारा माणूस. त्याची नात सोनू दोन वर्षांमागं तापात हातची गेल्यातच जमा होती. उमाजी पिराला बोलला, पोरगी उठून बसली. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, कासाबाईनं, घरचा बोकड वाढवला. नवसाला अट एकच, गाव जेवलं पाहिजे. गाव जेवलं नाही तर नवस फिटत नाही.

तो मला न्यायला देवळात आला, तेव्हा किशनराव चार गावकऱ्यांसोबत ओट्यावरच होते. देवळाचा कारभार त्यांच्याकडं. शहाणा माणूस बरं का, कधी आवाज चढवायचे नाहीत.

"उमाजी, तुज्या श्रद्धेला माजा इरोध न्हाई," किशनराव म्हणाले. "इतकी वर्सं आमी चालवूनच घेतलं की. पन आता लोकं आयकत न्हाईत. सप्ताहाला स्टीलची भांडी आणलीत. ही डेग तूच घेऊन जा, कायमची."

"मालक, डेगीवर गावाचं नाव हाय."

"नाव काय, घासून टाकू."

उमाजीनं डोक्याचं पागोटं काढून हातात धरलं. "चालवून घेतलं म्हणता. फाटकी नोट चालवून घेत्यात, मालक. आमी कोन हाव मंग?"

तिथंच बसलेल्या कस्तुराबाई बोलल्या, किशनरावांच्या आई. गळ्यात तुळशीची माळ, नव्वदीला टेकलेल्या.

"किसना, लगीन होऊन पाच वर्सं माजी कूस रिकामी व्हती. पिराला बोलले तवा तू झालास. तुजं जावळ दर्ग्यात काढलं, अन् कंदुरी ह्याच डेगीत शिजली. बोकड ह्या उमाजीच्या बापानं दिलता."

खरं आहे हो! चुलीवर मीच होते. पण किशनराव नुसते हसले. "आईचं वय झालंय. कायबी बोलायलीय."

मग सगळेच हसले. त्या पंगतीत ज्यांच्या बापांनी मटणाच्या नळ्या फोडल्या, तेही हसले. त्याच दिवशी कानस आणून माझ्या काठावरचं नाव घासलं. किशनराव जवळ उभे राहून "नीट घासा, काठ बिघडवू नका" म्हणत होते. मोठ्या मनाचा माणूस!

कंदुरीचं आवतन द्यायला उमाजी घरोघर फिरला. नाही कुणीच म्हटलं नाही. "येतो की," सगळ्यांनी सांगितलं. दर्ग्यापुढं पत्रावळ्या मांडल्या. मुजावरानं फातिहा दिला, तो आणि उमाजीचे चार सोयरे जेवले. दुपार कलली. पत्रावळ्या वाऱ्यानं उडायला लागल्या, कासाबाई त्यांच्यावर खडे ठेवत बसली.

कस्तुराबाई तेवढ्या काठी टेकत आल्या. मलिदा खाल्ला, हात धुतला. "उमाजी, माजं एकटीचं जेवण गावाचं धर रं बाबा."

"माय, एकटीचं गाव व्हत न्हाई," उमाजी म्हणाला आणि माझ्याआड तोंड करून रडला.

तेव्हापासून मी इथं आहे. मेंढरं पाणी पितात, बरी आहेत बिचारी. किशनराव परवा झेंडावंदनाला बोलले म्हणे, आमच्या गावात कुणाच्या श्रद्धेला कुणी बोट लावलं नाही. खरंच आहे. बोटसुद्धा लावलं नाही.

तुम्ही गावात जाणारच आहात, तर माझा एवढा निरोप द्या. मला देवळात परत नेऊ नका, नाव पुन्हा कोरू नका. पिराला मानू नका, मटणाला शिवू नका. फक्त एकदा या आणि मलिद्याचा घास खाऊन जा. कालपासून कासाबाई माझ्यातल्या पाण्यात फडकं भिजवून नेतेय. सोनूला परत ताप आलाय.