मांडव कुणाकडून?

आमच्याकडे देणाऱ्याचं नाव पुकारतात. धर्मापुरीच्या देवळातला भंडारा असो की गावातलं लग्न, आमच्या वस्तीवरचा महारुद्र माईक धरून ओरडणारच: अमक्याकडून गव्हाचं पोतं, तमक्याकडून तेलाचा डबा. ज्याचं नाव घेता येत नाही त्याचं आम्ही काही घेत नाही. हे ठाऊक असूनही आम्ही बायका नेमक्या तिथंच फसलो, म्हणून माझं डोकं अजून तापलेलं आहे.

सिरसाळ्याच्या अलीकडे आमच्या वस्तीला लागून केदारनाथ शेठचं खडी क्रशर आहे. त्याची धूळ कापसावर बसते, भाकरीवर बसते आणि माझ्या लेकीच्या, संस्कृतीच्या छातीत बसते. एवढीशी पोर, खोकून खोकून निळी पडते. क्रशर बंद करा म्हणून आम्ही त्याच्या फाटकासमोर धरणं धरलं. डोक्यावर फाटकी ताडपत्री, जेवायला घरची भाकरी.

मग पुण्याहून ‘लोकबळ निधी’च्या प्रणिताताई आल्या. बोलायला साखर. त्यांनी समजावलं, की ठिकठिकाणचे लोक निधीत पैसे टाकतात आणि निधी ते लढणाऱ्या गटांना देतो.

“देनारे कोन हायत?” मी विचारलं.

“नावं आम्ही सांगत नाही, वनमालाताई. सगळ्यांचा पैसा एकत्र झाला, की तो चळवळीचा.”

मांडव आला, सतरंज्या आल्या, भोंगा आला, फिरायला जीप आली. महारुद्रनं सवयीनं माईक धरला, “मांडव यांच्याकडून...” म्हणाला आणि अडकला. आम्ही सगळ्या खो खो हसलो.

थोड्याच दिवसांत प्रणिताताईंचा सूर बदलला. दिंद्रुडजवळचं क्रशर जास्त मोठं आहे, आधी तिकडे बसा म्हणाल्या. धूळ इथं आणि बसायचं तिथं, कावून, असं मी विचारलं. तर म्हणे निधीच्या समितीनं ठरवलंय, ऐकलं नाही तर पुढची मदत अवघड आहे. तिथल्या बायाही खोकतच होत्या, ते काही खोटं नव्हतं. ‘ते बंद झालं की लगेच तुमचं’ असा शब्द घेऊन आम्ही मांडव उचलला. तिथं जीव तोडून भांडलो. ते क्रशर बंद पडलं आणि आमचे फोटो पेपरात आले.

इकडे केदारनाथचं क्रशर रात्रंदिवस धडधडायला लागलं. आसपासची सगळी खडी आता त्याच्याकडूनच जात होती. संस्कृतीला दवाखान्यात ऑक्सिजन लावायची वेळ आली. प्रणिताताई फोनवर म्हणायच्या, “तुमचा विषय पुढच्या बैठकीत घेऊ.”

तशातच धर्मापुरीचा भंडारा आला. पोरीसाठी नवस बोलले होते, म्हणून तिच्याजवळ सासूला बसवून मी पंगतीत वाढायला गेले. महारुद्रनं पुकारलं, “केदारनाथ शेठ यांच्याकडून साखरेचं पोतं!” तशी पंगतीत बसलेली शेठची आई, शिवम्मा, ताठ झाली. मी समोर येताच म्हणाली, “बघ, इथं कसं नाव घेतात. तुमच्या मांडवात आमच्या केदारचं नाव एकदाबी घेतलं न्हाई तुमी.”

“त्यांचं कावून घ्यायचं, काकू?”

“आता! पुन्याच्या त्या निधीत लई पैसा घातलाय त्यानं. तुमी दारात बसलात तरी राग धरला न्हाई लेकरानं. उलट त्यानंच फोन करून सांगितलं, बायांना दिंद्रुडला न्या म्हनून. माझ्यासमोर बोलला. देतो तर नाव नको का?”

म्हातारीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तिला फक्त लेकाचं नाव ऐकायचं होतं. मी वरणाची बादली खाली ठेवली. अंगाची लाही लाही झाली. माझ्या पोरीचा श्वास कोंडणाऱ्यानं माझ्याच हातून दिंद्रुडचा त्याच्या बरोबरीचा धंदेवाला आडवा केला होता, आणि मी गळा फाडून घोषणा देत होते!

देवळाबाहेर येऊन फोन लावला. केदारनाथचा पैसा घेतलात का, असं प्रणिताताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “निधीत पैसा आला, की तो कुणाचाच राहत नाही, ताई.”

“कुनाचाच न्हाई, तर मग निधी ऐकतो कुनाचं?”

“तुम्ही भावनेच्या भरात...”

“माझी पोर दवाखान्यात हाय! लाज वाटू द्या जरा. तुमची जीप घेऊन जा. मांडव मात्र मिळायचा न्हाई.”

दुसऱ्या दिवशी तोच मांडव आम्ही केदारनाथच्या फाटकासमोर ठोकला. भाकरी पुन्हा घरची. महारुद्रला सगळं सांगितलं होतं. तो माईक धरून उभा राहिला, आणि या खेपेला अडकला नाही.

“केदारनाथ शेठ यांच्याकडून मांडव! केदारनाथ शेठ यांच्याकडून सतरंज्या! केदारनाथ शेठ यांच्याकडून भोंगा!”

मग मी माईक घेतला. “केदारनाथ शेठ यांच्याकडून वनमालाच्या संस्कृतीला ऑक्सिजन!” माझ्यामागे छबुबाई उठली. “केदारनाथ शेठ यांच्याकडून माझ्या नातवाला दमा!” एकेक बाई उठत गेली. रोज सकाळी आम्ही हेच करायला लागलो. भोंगा चांगला होता, आवाज पार त्याच्या बंगल्यापर्यंत जायचा.

एके दिवशी शिवम्मा पदर सावरत फाटकाबाहेर आली.

“बंद कर ते, बाई. हात जोडते.”

“काकू, तुमीच म्हनलात ना, देतो तर नाव नको का?”

मागं क्रशर चालूच होतं, म्हणून मी आवाज वाढवला.