सोळा जणांनी वाटून घेतलेला दगड

एका घराचं लाकडी कपाट तिसऱ्या मजल्यावर पोचवून भारवाली घरी आली, पाय धुतले आणि जेवायला बसणार तोच दारात नणंद दिसली. दोन वर्षांत तिने या उंबऱ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. आताही ती आत आली नाही. पदराला, केसांना पीठ लागलेलं, श्वास लागलेला.

"वहिनी, चल," एवढंच म्हणाली.

भारवालीने ताट बाजूला सारलं. तिचा नवरा शिंपी होता. त्याने मशीन थांबवलं आणि बहिणीला काही विचारायच्या आत दोघी रस्त्याला लागल्याही होत्या. तो चपला शोधत मागून धावला.

वाटेत नणंदेने सांगितलं ते असं. कालव्यावरच्या पाणचक्कीत तिचा गिरणीवाला नवरा दगडाला टाकी लावायला, म्हणजे त्याच्या बुजलेल्या खाचा कोरायला, बसला होता. वरचा दगड साखळीने उचलून ठेवला होता. साखळी तुटली, दगड घसरला आणि गिरणीवाल्याचा पाय भिंत आणि दगड यांच्यामध्ये अडकला. माणूस शुद्धीवर होता. पण दगड पुरा बसला नव्हता, तिरका टेकून होता, आणि खालच्या फळ्या कुरकुरत होत्या.

भारवालीचं काम सांगायला सोपं होतं. डावा हात वस्तूवर ठेवायचा, तिचा भार काढायचा आणि उजव्या हाताने दुसऱ्या कशात तरी घालायचा. भार नाहीसा करता येत नाही, फक्त हलवता येतो, आणि हलवताना तो क्षणभर तिच्या हाडांतून जातो, पण तिथे ठेवता येत नाही. दिलेला भार त्या दिवशी परत मागता येत नाही. दिवेलागणीला तो आपला आपण मूळ मालकाकडे जातो. एरवी ती वाळूची पेटी घेऊन फिरायची आणि सगळा भार वाळूत घालायची. निर्जीव वस्तू आपल्या वजनाइतकाच भार सोसते, पुढे फुटते. माणसालाही भार देता येतो, त्याच्याकडून काढूनही घेता येतो. पण त्याने मनापासून हो म्हटलं पाहिजे. तोंडाने हो आणि मनात नाही असेल, तर भार जागचा हलत नाही.

गिरणीत वरच्या मजल्यावर जाऊन तिने पाहिलं. जागा इतकी चिंचोळी, की दगडापाशी दोन माणसं कशीबशी उभी राहतील. पहार घालून उचकटावं तर फळी मोडणार, आणि फळीखाली चक्कीचं चाक आणि पाणी. वाळूची पेटी वर आणायचा प्रश्नच नव्हता.

"किती मणांचा आहे, भावोजी?" तिने विचारलं.

"बारा," गिरणीवाला म्हणाला. त्याचा चेहरा कणकेसारखा झाला होता, पण आवाज शाबूत होता. "पाय गेला तर जाऊ दे. फळी मोडू देऊ नकोस. चाक नवीन आहे."

"तुमचं चाक गेलं चुलीत," नणंद म्हणाली.

भारवालीने जिन्यावर येऊन खाली जमलेल्या लोकांना सांगितलं. "मला सोळा माणसं हवीत. एकेकाने वर यायचं, पाऊण मण भार घ्यायचा आणि लगेच खाली उतरून रस्त्यावर बसायचं. दिवे लागेपर्यंत अंगात राहील, मग जाईल. दुखत नाही, पण जड होतं. ज्याला मनातून नको असेल त्याने येऊच नये, उगाच वेळ जाईल."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. भार घेणं लोकांना आवडत नसे. अंगात काहीतरी परकं शिरतं, असं वाटायचं.

"आधी मी," नणंद म्हणाली.

भारवालीने डावा हात दगडावर ठेवला, उजव्या हाताने नणंदेचा हात धरला. "घेताय, वन्सं?"

"हो."

काहीच झालं नाही. भार भारवालीच्या खांद्यापर्यंत आला, तिथेच थबकला आणि परत दगडात गेला. फळी कडकन वाजली.

"हो म्हणतेय ना मी," नणंद म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "माझा नवरा आहे तो. मी नाही कशाला म्हणेन?"

"तुम्ही नाही म्हणत नाही. मनात काहीतरी अडतंय. थोडं थांबा. दुसऱ्यांचं आधी होऊ दे."

शिंपी पहिला आला. मग पाववाला, टपालवाला, शाळेतले मास्तर, मास्तरांची बायको, कालव्यावर कपडे धुणाऱ्या दोघी जावा. प्रत्येकाला भारवाली तेच विचारायची, प्रत्येक जण हो म्हणायचा, आणि पुढच्या क्षणी त्याचे गुडघे किंचित वाकायचे. भार पाठीवर बसत नसे. तो सगळीकडे भरायचा, पापण्यांत, जिभेत, करंगळीत. माणसं कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. वर भारवालीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. सहाव्या माणसानंतर तिच्या गुडघ्यांत कळ आली. दहाव्यानंतर ती भिंतीला टेकून उभी राहिली. पण दगडाखालच्या फळ्यांचं कुरकुरणं थांबलं होतं.

पंधरा झाले. तिने जिन्यातून हाक मारली, "अजून एक." खाली कुणी उरलं नव्हतं. म्हातारी माणसं होती, पोरं होती. त्यांना ती देणार नव्हती. पाऊण मण दगडात राहिला होता, आणि एवढासुद्धा ओढून सरकवला असता तर गिरणीवाल्याच्या पायाची सालटं निघाली असती.

नणंद पुढे झाली. या वेळी तिने हात दिला नाही.

"वहिनी, एक विचारू? आई शेवटचे तीन महिने अंथरुणावर होती. सुजलेली, जड. मी एकटी तिला कुशीवर वळवायचे. माझी कंबर मोडली. तू जगाची कपाटं हलकी करत होतीस आणि माझ्या आईला एक दिवस हलकं केलं नाहीस. का?"

गिरणीवाला डोळे मिटून पडला होता. त्याने ते उघडले नाहीत.

"मी विचारलं होतं," भारवाली म्हणाली. "तीनदा विचारलं. तुम्ही पाणी आणायला गेला होतात तेव्हा. त्या नको म्हणाल्या."

"नको का म्हणेल ती?"

"त्या म्हणाल्या, 'जन्मभर मी या घराचं ओझं उचललं. आता जाता जाता माझं वजन किती आहे ते घरच्यांना कळू दे.' आणि म्हणाल्या, 'पोरीला सांगू नकोस. तिला वाटेल, म्हातारी मुद्दाम कंबर मोडतेय.'"

नणंदेच्या नाकातून हसू फुटलं, आवरायला गेली तर जास्तच आलं. "मुद्दामच मोडत होती," ती म्हणाली. "अगदी तिचंच बोलणं. दुसऱ्या कुणाला सुचायचंच नाही." तिने डोळे पुसले. "मग दोन वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी नको म्हटलं होतं. आणि तुम्ही घरी आला नाहीत."

"तू तरी कुठे आलीस?"

"नाही आले," भारवाली म्हणाली. "यायला हवं होतं."

नणंदेने हात पुढे केला. भारवालीने विचारायच्या आत भार सरळ निघाला, तिच्या हाडांतून गेला आणि नणंद मटकन खाली बसता बसता सावरली. दगड आता पातेल्याच्या झाकणासारखा हलका झाला होता. भारवालीने तो एका हाताने भिंतीपासून दूर केला आणि नुकत्याच येऊन पोचलेल्या हाडवैद्याला आणि त्याच्या दोन माणसांना हाक मारली. गिरणीवाल्याचा पाय निळा पडला होता, दोन ठिकाणी मोडला होता, पण होता. वैद्याने पट्ट्या बांधल्या आणि त्या दोघांनी त्याला फळीवर घालून खाली नेलं. दगड भारवाली स्वतः काखेत धरून जिना उतरली आणि रस्त्याच्या कडेला, भिंतीपाशी ठेवला.

मग दिवे लागेपर्यंत वाट बघणं एवढंच उरलं. सोळा माणसं रस्त्यावर बसून होती. खालीच बसा असं बजावलं असतानाही मास्तरांनी घरून खुर्ची मागवली होती. तिचे तुकडे शेजारी पडले होते आणि मास्तर दुसरीकडेच बघत होते. पाववाल्याची जीभ जड झाल्यामुळे तो प्रथमच सावकाश बोलत होता, आणि त्याची बायको म्हणत होती, हे असंच ठेवता येईल का. कुणीतरी चहा केला. कप उचलणं जमत नव्हतं, म्हणून शाळेतल्या पोरी एकेकाच्या तोंडाला कप लावत फिरल्या. शिंपी आपल्या बहिणीशेजारी बसला होता. त्याने तिच्या केसांतलं पीठ झटकायला हात उचलला आणि अर्ध्यावर दमून खाली ठेवला. ती हसली.

कोपऱ्यावरचा पहिला दिवा लागला तसा भार निघाला. आवाज झाला नाही. भिंतीपाशी दगड मातीत चारेक बोटं रुतला, एवढंच. लोक उठले, अंग झाडलं, पहिल्या दोन-तीन पावलांना सगळेच अडखळले, कारण पाय फारच पटकन उचलले जात होते. थोड्या वेळात रस्ता मोकळा झाला.

नणंद मात्र बसूनच होती.

"उठा, वन्सं. गेलं सगळं," भारवाली म्हणाली.

"कळलं मला. बसू दे जरा." तिने शेजारची जागा हाताने साफ केली. "तू पण बस. तुझे गुडघे बघ कसे थरथरतायत. आणि ती आणखी काय काय बोलायची ते सांग. मी पाणी आणायला रोज जात होते."

भारवाली भिंतीला धरून हळूहळू खाली बसली.

"तुमच्या हातच्या भाजीत मीठ कमी असतं, म्हणायच्या."

"ते मला तोंडावर सांगायची. दुसरं सांग."