दोन विषय ड्रॉप

नूरजहाँ मूळची श्रीवर्धनची. नवरा शारजाचा, इथला नागरिक. तो वारल्यापासून मायलेकींचं घर सरकारी मदतीवर आणि नूरजहाँच्या पार्लरमधल्या तुटपुंज्या पगारावर चालत होतं. मुलगी हाफिजा अठरा वर्षांची झाली, तरी तिच्या वाट्याची मदत चालू होती, कारण ती बारावीत पूर्णवेळ शिकत होती. शाळेची फी त्या मदतीतूनच जायची.

सहामाहीत हाफिजा फिजिक्स आणि मॅथ्समध्ये घसरली. शेजारच्या हेमाताईंनी लगेच तोड काढली.

"अगं नूर, ड्रॉप घ्यायला सांग. आमच्या वेदने बारावीनंतर एक वर्ष नव्हता घेतला? आज मेडिकलला आहे."

"लोक नापास म्हणतील, ताई."

"ड्रॉप म्हणजे नापास नव्हे गं बाई. पुण्यात हुशार मुलंच ड्रॉप घेतात."

नूरजहाँ शाळेत गेली. "फिजिक्स, मॅथ्स, दोनों ड्रॉप. अगले साल देगी," तिने सांगितलं. ऑफिसातल्या बाईंनी दोनदा विचारलं, "शुअर?" तिने दोन्ही वेळा मान डोलावली. शाळेने विषय काढून टाकले. हाफिजाला संध्याकाळी कळलं. "अम्मी, यू शुड हॅव आस्क्ड मी," एवढंच ती म्हणाली.

पुढच्याच महिन्यात हाफिजाची मदत थांबल्याचा मेसेज आला. दोघी मदत केंद्रावर गेल्या. काउंटरवरची तरुण अधिकारी अरबीत बोलत होती आणि हाफिजा आईला मराठीत सांगत होती.

"तीन विषय म्हणजे पूर्णवेळ नाही. शिवाय ह्या वर्षी मी पुढे जाणार नाही, म्हणजे प्रगती नाही."

"मग विषय परत घे ना."

"बोर्डाची नोंदणी बंद झालीय, अम्मी."

अधिकारी बाईने काही विचारलं. हाफिजा थांबली. "ती विचारतेय, मी आजारी होते का. हॉस्पिटलचा कागद असेल तर सवलत मिळते."

"सांग, टायफॉइड झाला होता."

"कागद कुठाय?"

नूरजहाँ काउंटरवर वाकली. "'चूक माझी आहे' हे अरबीत कसं म्हणतात?"

"अम्मी, यल्ला, चल."

"सांग म्हणते ना!"

हाफिजाने शब्द सांगितला. नूरजहाँने तो चुकीच्या उच्चारात तीनदा म्हटला, छातीवर हात ठेवून. अधिकारी उठून उभी राहिली. तिने नूरजहाँला खाला, म्हणजे मावशी म्हटलं, पाण्याची बाटली दिली आणि हळू आवाजात बराच वेळ बोलली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुमची चूक आहे हे मला कळतंय. पण विषय तर तुमच्या मुलीचेच गेलेत."

"पुढच्या वर्षी पाचही विषय घेतले तर?"

हाफिजाने विचारलं. उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते भाषांतराशिवाय कळलं. खलास. अठरानंतर एकदा खंड पडला की मदत पुन्हा सुरू होत नव्हती.

बसस्टॉपवर हेमाताईंचा फोन आला. नूरजहाँने तो वाजू दिला.

"अम्मी," हाफिजा म्हणाली, "तुझ्या पार्लरमध्ये मुलगी हवीय म्हणत होतीस ना? आय कॅन स्टार्ट संडे."

नूरजहाँने तिच्याकडे पाहिलं नाही. "मंडेपासून ये," ती म्हणाली. "संडेला मॅडम नसतात."