पूर्ण भूल

ऑपरेशननंतर माणसं शुद्धीवर येतात त्या खोलीत मी एकवीस वर्षं नर्स आहे. भूल उतरताना माणूस आधी आपल्या आईच्या भाषेत बोलतो, मग भानावर येऊन आमच्या. भल्याभल्या साहेबांचंही तेच होतं. मी आणि माझी जोडीदारीण, जिला अख्खं इस्पितळ बुटकी म्हणतं, पैज लावायचो, हा कुठल्या भाषेत उठणार? हरणारीने चहा आणायचा.

माझ्यावर पैज लावण्यात काही मजाच नव्हती. मी चार वर्षांची असताना आम्ही या शहरात आलो आणि बाबांनी फर्मान काढलं, "आजपासून घरात इथलीच भाषा." मी ती पटकन उचलली. आईला शेवटपर्यंत जमली नाही. ती बोलायला लागली की मी आणि धाकटा भाऊ तोंड दाबून हसायचो. स्वतःची भाषा ती फक्त भांडी घासताना, नळ मोठा सोडून बोलायची. मला त्यातलं अक्षरही आठवत नाही, आणि निर्लज्जासारखा मला त्याचा अभिमान होता.

आई शेवटचे तीन दिवस एकच शब्द बोलत होती. पाणी दिलं, पांघरूण घातलं, खिडकी उघडली, बाबांचा फोटो हातात दिला. ती मान हलवायची आणि पुन्हा तोच शब्द. डोंगरातल्या चार घरांची ती बोली. बाबा आधीच गेलेले, विचारणार कुणाला? त्या तीन दिवसांनी अजून माझा पिच्छा सोडलेला नाही.

गेल्या महिन्यात माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाठीतल्या सुईला मी घाबरते, म्हणून पूर्ण भूल घेतली. जाग आली तेव्हा बुटकी उशाशी बसली होती. तिने फोन पुढे केला.

"तू कुणाशी तरी बोलत होतीस गं. मी रेकॉर्ड केलंय."

आवाज माझाच. शब्द एकही कळेना. मी बोलायचे, ऐकून घेतल्यासारखी थांबायचे, मग उत्तर द्यायचे. एकदा तर खुदकन हसले. आणि मग आईचा तो शब्द. मी तो विचारल्यासारखा म्हटला. थोडा वेळ शांतता. मग लहान मुलीसारखं "हं, हं," आणि रडणं.

म्हणजे मला कळलं होतं. तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं, भूल उतरेपर्यंत.

काल डॉक्टर डावा गुडघा दाबून म्हणाले, "हा अजून पाच वर्षं चालेल."

"फार दुखतो हो," मी धडधडीत खोटं बोलले. "तारीख द्या. आणि पूर्ण भूल."

बाहेर येऊन बुटकीला बजावलं, "या वेळी नुसती रेकॉर्ड करत बसू नकोस. मी हं म्हटलं की लगेच विचार, काय हवंय तिला?"

बुटकीने विचारलं, "आणि तू मला त्याच भाषेत सांगितलंस तर?"

तारीख मात्र मी बदलली नाही.