लायब्ररीमागचं कुलूप

विद्यार्थी संघाच्या पहिल्या बैठकीत वर्षाची नऊ उद्दिष्टं मंजूर झाली, तेव्हा सव्वाअकरा वाजले होते आणि जया रामटेकेनं सकाळी सहापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

ही तिची एकटीची खोड नव्हती. कॉलेजात त्रेचाळीस मुली होत्या. कॉलेजाजवळ सक्करदऱ्यातच घर असलेल्या सात-आठ जणी सोडल्या, तर बाकीच्या घरून निघताना काय प्यायचं ते पिऊन घेत आणि परत घरी पोचेपर्यंत तोंड कोरडं ठेवत. कॉलेजात मुलींना बसायला एक खोली होती, पण लघवीला जायला जागा नव्हती. जया कोराडीहून यायची. तिचे वडील देवराव तिथल्या वीज केंद्रात कामाला होते. सव्वासहाची बस, बर्डीवर दुसरी बस, आठला पहिला तास, आणि घरी पोचायला साडेचार. जुलैपासून तिला तीनदा हुडहुडी भरून ताप आला होता. तिसऱ्या खेपेला कॉलनीच्या दवाखान्यातले डॉक्टर चिडले. म्हणाले, पाणी पी आणि अडवून धरू नको, नाहीतर मूत्रपिंडं खराब होतील.

बाहेर येऊन देवराव सायकलचं स्टँड काढता काढता म्हणाले, "दिवाळीपावतो पाह्यतो, बाई. तोवर कॉलेजात सोय झाली तर ठीक, नाही तर नाव काढून टाकतो. बी. ए. नाही झाली तरी चालते. तू पाह्यजे."

दिवाळीला सात आठवडे होते.

जया त्या वर्षीची एल. आर. होती, म्हणजे मुलींची प्रतिनिधी. जी. एस., म्हणजे संघाचा सरचिटणीस, केशव भोयर निवडणूक लढवून, मिरवणूक काढून आला होता. एल. आर. मात्र प्राचार्य नेमत. तिला बैठकीत खुर्ची होती, मत नव्हतं. स्नेहसंमेलनात रांगोळी काढायची, पाहुण्यांना ओवाळायचं, आभारपत्रं सुवाच्य अक्षरात लिहायची, एवढं तिचं काम. जयाचं अक्षर चांगलं होतं आणि ती कमी बोलते असा प्राचार्यांचा समज होता.

उद्दिष्टांचा कागद सायक्लोस्टाइल करून आणलेला होता. वर '१९७८-७९' आणि संघाचा शिक्का. सायकल स्टँडवर पत्रे, कँटीनमध्ये स्वस्त चहा, लायब्ररी संध्याकाळी सहापर्यंत, टेबल टेनिसचं नवं टेबल, थंड पाण्याची टाकी. केशवनं "कोणाचं काही?" असं विचारलं ते खुर्चीतून उठता उठता.

"दहावं लिहा, केशवभाऊ," जया म्हणाली. "लायब्ररीमागची खोली उघडा."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.

त्या खोलीबद्दल कोणाला सांगायची गरज नव्हती. ती तीन वर्षांपूर्वी अनुदानातून मुलींसाठीच बांधलेली होती. दोन संडास, एक नळ, दारावर 'महिला प्रसाधनगृह' अशी पाटी. त्याच वर्षी संमेलन संपल्यावर संघाच्या पोरांनी नाटकातलं सिंहासन दोन दिवसांसाठी म्हणून तिथे ठेवलं. मग मखमलीचे पडदे आले, पेट्रोमॅक्स आले, खेळाच्या सामानातले भाले आले. दाराला संघाचं कुलूप लागलं. तेव्हापासून मावळता जी. एस. नव्या जी. एस.ला हार घालायचा तेव्हा हाराबरोबर त्या कुलपाची किल्लीही द्यायचा. टाळ्या पडायच्या. किल्ली संघाच्या कचेरीत, जी. एस.च्या खुर्चीमागच्या खिळ्यावर लटकायची.

"सामान कुठी ठेवू? तुह्या डोक्यावर?" केशवनं विचारलं.

"ह्या खोलीत ठेवा. मोठी आहे."

"ही संघाची कचेरी आहे. गोदाम नाही."

"थे बी गोदाम नाही."

केशवचा चेहरा लाल झाला. "पोरांयनं मतं देल्ली मले. तुले कोणं देल्लं वं मत? साहेबानं चिठ्ठी लिहिली अन् तू आली."

"स्कॉलरशिपवर शिकतेत, वर ह्यायले बंगले पाह्यजेत," सहसचिव रुपराव म्हणाला. तो केशवच्या उजव्या हाताला बसायचा आणि केशव काही बोलला की त्याला शेपूट जोडायचा. "तीन वर्षं चाललं ना? मेली का कोणी?"

"मेल्यावर ठराव करसान का?"

केशवनं कागदावर शिक्का मारला, ठोकलाच. "उद्दिष्टं नऊ. मंजूर. बैठक संपली."

व्हरांड्यात नत्थू शिपाई स्टुलावर बसून तंबाखू मळत होता. दार उघडंच असल्यामुळे त्यानं सगळं ऐकलं होतं.

"काहून तोंड वाजवून राहिली वं पोरी? चौदा तारखेले उघडतेच थे खोली."

"एका दिवसासाठी, नत्थूकाका."

"मंग? एक दिवस तं एक दिवस."

चौदा सप्टेंबरला विद्यापीठाची समिती पाहणीला यायची होती. दरवर्षी समितीच्या आदल्या दिवशी नत्थू त्या खोलीतलं सामान सभागृहाच्या मागे नेऊन ठेवायचा, फरशीवर फिनाइल ओतायचा, नवी बादली ठेवायचा. समिती गेली की सामान पुन्हा आत. गेल्या वर्षी जया पहिल्या वर्षाला होती. दार उघडं दिसलं तेव्हा तिला वाटलं, झाली सोय. दुसऱ्या दिवशी ती घरून दोन फुलपात्रं पाणी पिऊन आली आणि दहा वाजता त्या कुलपासमोर उभी राहिली. त्या दिवशी बसमध्ये काय झालं ते तिनं फक्त आईला सांगितलं होतं.

तेरा तारखेच्या संध्याकाळी तिनं घरातल्या पत्र्याच्या पेटीचं पितळी कुलूप काढून दप्तरात टाकलं. देवरावांनी पाहिलं. कशाला म्हणून विचारलं नाही. कोनाड्यात हात घालून दुसरी किल्ली तेवढी शोधून दिली.

चौदा तारखेला प्राचार्य वामनराव देवतळे यांनी तिला सकाळीच बोलावून घेतलं. "समितीत एक बाई आहेत. त्यांना प्रसाधनगृह तू दाखवायचंस. विचारलं तर 'सोय आहे' म्हणायचं. त्याच्यापुढे एक शब्द नाही."

बाहेर केशव उभा होता, इस्त्रीचा शर्ट, खिशाला संघाचा बिल्ला. "समजलं ना साहेब काय म्हणाले थे? तोंड बंद ठेवजो."

बारा वाजता समिती लायब्ररीमागे आली. बाई पन्नाशीच्या, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी आत जाऊन नळ सोडून पाहिला. बादलीवरचा दुकानाचा कागद अजून निघाला नव्हता. कोपऱ्यात लाल मखमलीचा एक धागा फिनाइलमध्ये चिकटला होता. बाईंनी तो चपलेच्या टोकानं हलवून पाहिला आणि वही उघडली.

"हे रोज उघडं असतं?"

प्राचार्य जयाकडे पाहत होते. त्यांच्या मागे केशव होता. आठ दिवस जयानं मनात एक लांबलचक भाषण जुळवलं होतं, त्यात तारखा होत्या, तापही होता. पण 'नाही' म्हटलं तर कॉलेजावर शेरा बसेल, प्राचार्य तिच्यावर खापर फोडतील आणि कुलूप आहे तिथेच राहील. 'हो' म्हटलं तर तेच कुलूप, शिवाय खोटं बोलल्याची सही तिची.

"आजपासून रोज उघडं राहील, मॅडम," ती म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं. "आजपासून? कोणी ठरवलं?"

"विद्यार्थी संघानं. यंदाचं दहावं उद्दिष्ट आहे. जी. एस. इथेच आहेत, त्यांना विचारा."

बाईंनी केशवकडे पाहिलं. समितीतले दोघे पुरुषही वळले. केशवनं प्राचार्यांकडे पाहिलं, तर प्राचार्य खोलीच्या छपराकडे पाहत होते. संघानं असं काही ठरवलं नाही, असं म्हणायला त्याच्याकडे एक क्षण होता. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "छान. मुलांनी स्वतःहून हे करणं कौतुकाचं आहे."

"हो, मॅडम," केशव म्हणाला. बिल्ला नीट केला. "संघाचंच उद्दिष्ट आहे."

बाईंनी चार ओळी लिहिल्या आणि त्याखाली प्राचार्यांची सही घेतली. "फेब्रुवारीत मी पुन्हा येईन. कळवून येणार नाही," त्या म्हणाल्या.

समिती जेवायला गेली. अडीच वाजेपर्यंत मुली येत-जात होत्या. कोणी एकटी येईना. दोघी-दोघी, पदर आणि ओढण्या सावरत, इकडेतिकडे बघत. जयाची वर्गमैत्रीण प्रेमिला नळावर बादल्या भरत होती आणि रडत होती. का रडते हे तिलाही सांगता आलं नसतं.

समितीची गाडी गेली आणि दहा मिनिटांत केशव आला. मागे चार पोरांच्या खांद्यावर सिंहासन. रुपरावच्या हातात पडद्यांचं बोचकं. दाराला पितळी कुलूप होतं आणि पायरीवर जया बसली होती.

"कुलूप काढ."

"नाही काढत."

"जया, मले जास्ती बोलाले लावू नको. उठ तिथून."

"मॅडमसमोर 'हो' कोण म्हणालं? मी म्हणाली का?"

"तुनं फसवलं मले!"

"एवढा शाहणा जी. एस., अन् एका एल. आर.नं फसवलं? पोरांयले सांगा बरं."

पोरांनी सिंहासन गवतावर ठेवलं. त्यांतला एक दमून त्यावरच बसला आणि म्हणाला, "घे केशव, दरबार भरला." केशवनं त्याच्या कानफटात मारली. मग दगड उचलला.

"तोडा," जया म्हणाली. ती पायरीवरून उठली नाही. "फेब्रुवारीत मॅडमले दगड बी दाखवा."

केशवनं दगड उगारून धरला. लायब्ररीच्या खिडकीत तीस-चाळीस तोंडं जमली होती. दगड दारावर आपटला, पाटीचा टवका उडाला, कुलूप तसंच राहिलं.

"उद्यापासून ह्या कॉलेजात कशी चालते थे पाह्यतो मी," केशव म्हणाला.

आवाज ऐकून प्राचार्य आले. त्यांनी पाटी पाहिली, सिंहासन पाहिलं. "हे सगळं संघाच्या कचेरीत न्या," ते म्हणाले.

"साहेब, तिथं जागा—"

"न्या म्हटलं ना!" मग जयाकडे वळून, आवाज अगदी खाली आणून, "माझ्यासमोर उभी राहून तू मला अडकवलंस. उद्यापासून तू एल. आर. नाहीस. पुढच्या वर्षी तुझ्या स्कॉलरशिपच्या अर्जावर शिफारस कोण करतं तेही बघू."

"हो, सर."

"किल्ली."

"एक प्रेमिलाकडे आहे. एक मुलींच्या बसायच्या खोलीत खिळ्याला लावली. माझ्याजवळ नाही, सर."

प्राचार्यांनी पुढे केलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी तो कोटाच्या खिशात घातला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूचना फलकावर नवा कागद होता. उद्दिष्टं दहा. दहाव्यापुढे लाल शाईत: 'मुलींसाठी प्रसाधनगृह. पूर्ण. सरचिटणीस केशव भोयर यांच्या विशेष प्रयत्नांनी.' शेजारच्या पदाधिकाऱ्यांच्या यादीतलं जयाचं नाव खोडलेलं होतं. आणि कागदाच्या तळाशी कोणीतरी पेन्सिलीनं तिच्याबद्दल एक ओळ लिहिली होती, जी तिनं एकदाच वाचली.

प्रेमिला कागद फाडायला धावली. जयानं तिचा हात धरला.

"राहू दे. पूर्ण लिहिलं ना त्यायनं? राहू दे."

व्हरांड्यातल्या माठापाशी रुपराव आणि पोरं उभी होती. ती हटली नाहीत. "आली वं आली," रुपराव म्हणाला, "संडासवाली आली." पोरं खिंकाळली. संघाच्या कचेरीचं दार उघडं होतं. आत सिंहासनामुळे केशवची खुर्ची भिंतीला टेकली होती आणि तो तिथूनच बघत होता.

जयानं त्यांच्यामधून हात घालून पेला घेतला, माठातून भरला आणि तिथेच उभी राहून प्याली. दुसरा भरला. सकाळचे पावणेआठ झाले होते, परतीची बस तीननंतर. तिनं तिसरा भरला, तोही संपवला, आणि पेला पालथा घालून तासाला गेली.